नारायण वामन टिळक : त्यागाकडून प्रीतीकडे

अर्वाचीन मराठी काव्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव फुलामुलांचे कवी म्हणून रूढ झाले आहे. या कोमल बिरुदाआड त्यांच्या जीवनातील एक खडतर प्रश्न मात्र झाकला जातो. सर्वस्व सोडणारा मनुष्य निःस्वार्थी असतोच असे नाही. त्यागालाही अहंकार असतो आणि त्याची झळ बहुधा त्यागी पुरुषाच्या अगदी निकटच्या माणसांना लागते. टिळकांचे चरित्र म्हणजे या अहंकाराशी त्यांनी दिलेल्या झुंजीचा इतिहास होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. मातेचे छत्र बालपणीच हरपले आणि पित्याच्या कठोर स्वभावामुळे घराची ओढ उरली नाही. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. परंतु संसारात त्यांचे चित्त स्थिर नव्हते. नोकरी धरावी व सोडावी, एकाएकी घरातून निघून जावे, घरखर्चाचे पैसे वाटेत भेटलेल्या गरजूच्या हाती ठेवावेत, असा त्यांचा क्रम होता. औदार्य अस्सल होते, कोपिष्टपणाही तितकाच अस्सल होता. आपण दिलेल्या दानाचा भार दुसरीच व्यक्ती वाहते आहे, ही जाणीव मात्र त्यांना अजून झाली नव्हती.

१८९१ मध्ये नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ग्रंथकार्य करू लागले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. शत्रूवरही प्रेम करावे, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, या शिकवणीत त्यांना आपल्या शोधाचे उत्तर सापडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या दृष्टीने ही सत्यनिष्ठा होती. जात, आप्तस्वकीय, प्रतिष्ठा यांवर त्यांनी पाणी सोडले होते. परंतु लहान मुलासह मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पती हयात असताना आलेला वियोग, लोकनिंदा आणि परावलंबन ही सारी दुःखे आली. सुमारे पाच वर्षे दोघे विभक्त होती. धर्मांतराच्या क्षणी नव्हे, तर या वियोगाच्या काळात व त्यानंतरच्या पुनर्मीलनात टिळकांच्या ख्रिस्तनिष्ठेची खरी कसोटी लागली. लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळे घेऊन. हट्टी टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. ईश्वराने जातिभेद निर्माण केला असेल काय, या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने शोधले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्रिय व्यक्तीवर आपले सत्य न लादता तिच्या वाटेची प्रतीक्षा करणे, हा टिळकांचा पहिला मोठा स्वार्थत्याग म्हणावा लागेल.

त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळाने अनाथ झालेल्या मुलांना या दांपत्याने आपल्या घरात आश्रय दिला. पुढे तरुण बालकवी ठोंबरे हेही त्यांच्या घरी पुत्रासारखे राहिले. एका कवीच्या घरी दुसऱ्या, कदाचित अधिक प्रतिभावान कवीचे असे संगोपन व्हावे, ही वाङ्मयेतिहासातील विरळ घटना होय. पूर्वीचे दान आता सहवासाचे झाले होते, आणि त्यात लक्ष्मीबाईंचा वाटा बरोबरीचा होता.

काव्यातही हेच घडले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यामुळे अभंग व कीर्तन यांच्याद्वारे त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला स्वदेशी वाणी दिली. तमिळमध्ये कृष्ण पिळ्ळै यांनी १८९४ च्या ‘रक्षण्ययात्रिकम्’मध्ये कंबनाच्या परंपरेचा आधार घेतला, त्याच्याशी हा प्रयत्न ताडून पाहण्याजोगा आहे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाचे द्वार खुले होते. १८९५ च्या त्यागाने नाती तुटली होती, या त्यागाने ती जोडावीत असा हेतू होता. त्या कार्याला अवधी मात्र फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरेच राहिले. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला, ज्यांचे अक्षरज्ञान पतीच्या घरीच झाले होते. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात टिळकांचा क्रोध, विक्षिप्तपणा आणि वात्सल्य ही तिन्ही निर्भयपणे व विनोदबुद्धीने आली आहेत. पतीचे दोष उघडपणे सांगूनही ज्या लेखणीत कटुता उतरत नाही, ती लेखणी टिळकांच्या प्रीतीची सर्वांत विश्वसनीय साक्ष आहे.