केनेथ पॅचेन : खाटेवरून युद्धाला विरोध करणारा कवी

सांता क्लारा हे नाव आता आपल्या घरांतून परके राहिलेले नाही. कोणाचा मुलगा, कोणाची भाची, कोणाचा जावई संगणकाच्या नोकरीनिमित्त अमेरिकेच्या त्या भागात राहत असतो आणि तेथील हवापाण्याचे कौतुक आपल्या कानी येत असते. संगणक येण्यापूर्वी त्या खोऱ्यात मैलोगणती जर्दाळूच्या आणि आलुबुखारच्या बागा होत्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याच सांता क्लारा जिल्ह्याच्या वायव्य टोकाला पालो आल्टो नावाचे शहर आहे. तेथील एका लहानशा घरात एक कवी सुमारे पंधरा वर्षे राहिला आणि त्यांतील बहुतेक काळ तो खाटेला खिळून होता. उठून बसणेही जड जात असलेल्या या माणसाने पडल्या पडल्या कुंचल्याने कविता रंगविल्या आणि आपल्या देशाच्या युद्धांना अखेरपर्यंत विरोध केला. त्यांचे नाव केनेथ पॅचेन.

पॅचेन यांचा जन्म 13 डिसेंबर 1911 रोजी ओहायो राज्यातील नाइल्स या गावी झाला. पुढे हे कुटुंब जवळच्याच वॉरन गावी राहावयास गेले. हा सारा टापू पोलादाच्या कारखान्यांचा. वडील त्या कारखान्यांत कामगार होते आणि मुलगाही सुट्टीच्या दिवसांत तेथेच राबला. मुंबईच्या गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना त्या गावाचे चित्र निराळे रंगवून सांगावयास नको. तोच भोंगा, तीच अंगाखांद्यावर बसणारी काजळी, संप झाला की चुलीवर येणारी तीच आफत. आई कॅथलिक धर्माची, मोठी भाविक. वयाच्या बाराव्या वर्षी मुलगा रोजनिशी लिहू लागला आणि हाती पडेल ते पुस्तक वाचू लागला. 1926 साली धाकटी बहीण कॅथलीन मोटारीखाली सापडून दगावली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बहिणीचे जाणे आणि कारखान्याची धग या दोन गोष्टी त्यांच्या लेखनात जन्मभर पुन्हा पुन्हा येतात. लहानपणीची खेळण्यातील अस्वले आणि संपकऱ्यांना झोडपून काढणारे शिपाई एकाच कवितेत शेजारी शेजारी आणणारा कवी त्या गावातच घडला.

1929 साली ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एक्सपेरिमेंटल कॉलेजात दाखल झाले, पण तेथे एक वर्षच टिकले. नंतर आर्कान्सा राज्यात मजुरांच्या शिक्षणासाठी चालविलेल्या कॉमनवेल्थ कॉलेजातही त्यांनी काही दिवस काढले. तोवर मोठी मंदी आली होती. मिळेल ते काम करीत, या गावाहून त्या गावी ते हिंडत राहिले. युटा राज्यात 1915 साली गोळ्या घालून देहान्त शिक्षा दिलेल्या जो हिल या मजूर गीतकारावर त्यांनी कविता लिहिली. ती 1934 साली ‘न्यू मासेस’ या डाव्या विचाराच्या नियतकालिकात आली आणि त्यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले.

त्याआधी, 1933 सालच्या नाताळात, बोस्टन येथे त्यांची मिरियम ऑइकेमस या विद्यार्थिनीशी गाठ पडली. ती फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातील मुलगी. जून 1934 मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढची अडतीस वर्षे या बाईंनी जे केले त्याचा हिशेब कोणत्याही चरित्रात पुरा मांडता येणार नाही. घरात पैसा नसे, नवरा दुखण्याने हैराण, पुस्तके खपत नसत. पॅचेन यांनी आपले प्रत्येक पुस्तक मिरियम यांनाच अर्पण केले आहे, आणि त्यात उपचाराचा भाग नव्हता.

‘बिफोर द ब्रेव्ह’ हा पहिला संग्रह 1936 साली रँडम हाउस या मोठ्या प्रकाशन संस्थेने काढला. त्याच वर्षी त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. टीकाकारांनी लगेच कामगारांचा कवी असा शिक्का मारला आणि पॅचेन यांना तो मुळीच रुचला नाही. कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधून घ्यावयास ते तयार नव्हते. पुढच्याच वर्षी, 1937 साली, संकट ओढवले. दोन मोटारींचे बंपर एकमेकांत अडकले होते. ते सोडविण्यासाठी पॅचेन यांनी जोर लावला आणि पाठीच्या कण्याला कायमची इजा झाली. पंचविशीत जडलेले हे दुखणे त्यांच्याबरोबरच गेले.

1939 साली हे जोडपे कनेटिकट राज्यातील नॉरफोक येथे ‘न्यू डायरेक्शन्स’ या प्रकाशन संस्थेत कामाला लागले. युरोपात युद्ध सुरू झाले होते आणि अमेरिका त्यात केव्हा उतरते याचीच चर्चा चालली होती. 1940 च्या उन्हाळ्यातील घडामोडींवर पॅचेन यांनी ‘द जर्नल ऑफ अल्बियन मूनलाइट’ ही कादंबरी लिहिली. कादंबरी म्हणावयाची ती केवळ सोयीसाठी. एका रोजनिशीच्या रूपात ती सुरू होते. काही माणसे रोइव्हास नावाच्या कोणाच्या तरी शोधात अमेरिकेतून भटकत निघतात. इंग्रजी सेव्हियर, म्हणजे तारणहार, या शब्दाची अक्षरे उलट लिहिली की हे नाव होते. वाटेत खून पडतात, रोजनिशी मध्येच तुटते, एका गोष्टीत दुसरी गोष्ट शिरते. पुढे पुढे एकाच पानावर दोन मजकूर शेजारी शेजारी धावू लागतात, आणि वाचकाने कोणता आधी वाचावा हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे. न्यू डायरेक्शन्सचे मालक जेम्स लाफलिन हे पॅचेन यांचे चाहते, पण हे हस्तलिखित छापण्याचे धाडस त्यांनाही झाले नाही. शेवटी वर्गणीदार गोळा करून 1941 साली पॅचेन यांनी ते स्वतःच छापले. पाने अशी फाटल्यासारखी का, असे विचारणाऱ्यांना पुस्तकातच उत्तर होते. जग वेडे झाले असता त्याची हकीकत सरळ ओळींत, नीटनेटक्या परिच्छेदांत सांगणे त्यांना लबाडीचे वाटत होते.

येथे आमच्या वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पॅचेन यांचा विरोध सर्वच युद्धांना होता. हिटलरविरुद्धचे युद्धही त्यांनी त्यातून वगळले नाही. ज्या काळात ते हे लिहीत होते त्याच्या थोडे आधी जर्मनीतून जीव वाचवून निघालेली यहुदी कुटुंबे मुंबईच्या बंदरावर उतरली होती. आपल्या बेने इस्राएल समाजातील अनेक घरांतून त्या युद्धात माणसे लढावयास गेली. त्या छळछावण्यांचे दरवाजे सैन्यांनी जाऊन उघडले, कवितांनी उघडले नाहीत. म्हणून या एका बाबतीत आम्ही पॅचेन यांच्याबरोबर जाऊ शकत नाही, आणि आपल्यापैकी फारसे कोणी जाईल असे वाटत नाही. तथापि त्यांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. त्यांना हिटलरविषयी तिळमात्र सहानुभूती नव्हती. शत्रूला मारता मारता आपणही त्याच्यासारखेच निर्ढावून जाऊ, हे त्यांचे भय होते. 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे जळाली, तेव्हा ते भय अगदीच पोकळ नव्हते हे पुष्कळांना कबूल करावे लागले. युद्ध संपल्यावर शांतिवादी होणे सोपे होते. ते ऐन भरात असताना, बहुसंख्य लोकांची मने दुखवून तसे राहणे सोपे नव्हते, आणि त्याची किंमत पॅचेन यांनी वाचक गमावून दिली.

कविता आणि चित्र यांची मोडतोड करून युद्धाचा निषेध करण्याची रीत त्यांच्यापासून सुरू झाली असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 साली, स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी काही परदेशी तरुणांनी दादा नावाची चळवळ काढली होती. तिच्यातील प्रमुख त्रिस्तान त्झारा हे रुमानियातील यहुदी घराण्यातले. ज्या शहाण्यासुरत्या भाषेत सरकारे युद्धाची समर्थने करतात ती भाषाच त्यांनी मोडून दाखविली. पॅचेन यांचा प्रयोग याच जातीचा, परंतु त्यात चेष्टेपेक्षा कळवळा अधिक. ‘स्लीपर्स अवेक’ या 1946 च्या पुस्तकात अक्षरे कोठे बोटभर मोठी होतात, कोठे चित्राचा आकार घेतात. त्याच सुमारास ते आपल्या पुस्तकांच्या मोजक्या प्रतींची वेष्टने एकेक करून स्वहस्ते रंगवू लागले. 1942 च्या ‘द डार्क किंगडम’ या संग्रहाच्या अशा 75 प्रती निघाल्या, आणि कोणतीही दोन वेष्टने सारखी नव्हती. त्याच वर्षी जॉन केज या नव्या पद्धतीच्या संगीतकाराबरोबर त्यांनी ‘द सिटी वेअर्स अ स्लाउच हॅट’ हे नभोनाट्य केले. ते शिकागोहून प्रक्षेपित झाले.

पाठीच्या उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर गेला तेव्हा 1950 साली लेखकांनी निधी उभारला. टी. एस. एलियट आणि ऑडेन यांच्यासारखी मोठी नावे त्यात होती. एलियट यांची मते पॅचेन यांच्या अगदी उलट टोकाची, तरीही ते मदतीला आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1951 साली हे जोडपे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोला आले. तेथील सिटी लाइट्स या प्रसिद्ध पुस्तकांच्या दुकानाने खिशात मावणाऱ्या कवितांच्या पुस्तकांची माला सुरू केली होती. 1956 साली तिच्यातील तिसरे पुस्तक पॅचेन यांचे निघाले. त्यात विनोदाच्या आणि निषेधाच्या कविता होत्या. चौथे पुस्तक ॲलन गिन्सबर्ग यांचे. हेच गिन्सबर्ग 1962 साली हिंदुस्थानात आले आणि आपल्या मुंबईतही राहून गेले. तरुण बीट कवी पॅचेन यांना वडीलधारे मानीत, पण खुद्द पॅचेन यांना त्या गोतावळ्यात आपली गणना झालेली आवडत नसे.

1957 च्या सुमारास, वैद्यकीय उपचार जवळ मिळावेत म्हणून, ते पालो आल्टो येथे राहावयास आले. पाठ थोडी सुधारली होती. सॅन होजे येथे जन्मलेले संगीतकार ॲलिन फर्ग्युसन आणि त्यांचे चेंबर जाझ सेक्स्टेट यांच्या साथीने ते रंगमंचावर कविता म्हणू लागले. त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. 1959 च्या प्रारंभी व्हँकुव्हर आणि न्यूयॉर्क येथे त्यांचे कार्यक्रम झाले. न्यूयॉर्कला साथीला चार्ल्स मिंगस हे थोर जाझ वादक होते. गरिबीत काढलेल्या वीस वर्षांनंतर भरल्या सभागृहाचे सुख त्यांना नुकते कोठे मिळू लागले होते. त्याच वर्षी एका शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीला पुन्हा इजा झाली. कार्यक्रम संपले, प्रवास संपला आणि खाट उरली.

त्या खाटेभोवतीचे सांता क्लारा खोरे याच वर्षांत पालटत होते. बागा तोडून कारखाने उभे राहत होते, आणि त्यांतील पुष्कळसे काम लष्कराचे होते. शेजारच्या सनीव्हेल गावात लॉकहीड कंपनी पाणबुडीतून सोडावयाची पोलारिस क्षेपणास्त्रे तयार करीत होती. सॅन होजेमध्ये एफएमसी या कंपनीच्या कारखान्यातून एम-113 ही चिलखती वाहने बाहेर पडत आणि व्हिएटनामच्या भातखाचरांत उतरत. या कंपनीचा मूळ धंदा फळबागांवर फवारणी करण्याच्या पंपांचा आणि फळे डबाबंद करण्याच्या यंत्रांचा होता, हे कळल्यावर मन जरा थबकते. खोऱ्यातील हजारो सुखवस्तू कुटुंबांची भाकर या कामावर चालत होती. युद्धाला विरोध करणारा कवी त्यांचाच शेजारी होता.

मोर्च्याला जाण्याची ताकद पॅचेन यांच्यात नव्हती. त्यांनी जे केले ते एका फळीवर कागद ठेवून, पडल्या जागी. या चित्रकविता पाहावयास प्रथम लहान मुलांच्या वाटतात. मध्ये एखादा अजब प्राणी, ना धड पक्षी ना धड माणूस, डोळे मोठे आणि किंचित दुःखी. त्याच्या अवतीभोवती हाताने रंगविलेली थोडीशी अक्षरे. अक्षरे वाचली की हसू येते, मग ते हसू ओठांवरच थांबते. बाँब, भूक, द्वेष यांविषयी ते बोलतात, पण आरडाओरडा नाही. 1966 साली ‘हॅलेलुया एनीवे’, 1968 साली ‘बट इव्हन सो’ आणि 1971 साली ‘वंडरिंग्ज’ अशी या चित्रकवितांची पुस्तके निघाली. आमच्या मते त्यांचे उत्तम काम यातच आहे. तरुणपणीच्या कवितांत पाल्हाळ पुष्कळ, रागाच्या भरात शब्द वाहवत जातात. दुखण्याने हात आखडला, तेव्हा शब्द मोजके झाले आणि प्रत्येक शब्दाला रंग चढला.

1967 साली अमेरिकन सरकारच्या कला आणि मानव्यविद्या प्रतिष्ठानाने साहित्यसेवेबद्दल त्यांना 10,000 डॉलर दिले. एका हाताने व्हिएटनामवर बाँब टाकणारे सरकार दुसऱ्या हाताने युद्धविरोधी कवीच्या औषधपाण्याला पैसे देत होते. मोठ्या लोकशाहीत अशाही गोष्टी घडतात. 1968 साली समग्र कविता प्रसिद्ध झाल्या. 1969 साली वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी लष्करासाठी गुप्त संशोधन करणारी प्रयोगशाळा नऊ दिवस ताब्यात ठेवली होती. पॅचेन यांच्या पुस्तकांचे वाचक आता या विद्यार्थ्यांच्या पिढीतून येत होते.

8 जानेवारी 1972 रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, पालो आल्टो येथील राहत्या घरी त्यांचा अंत झाला. व्हिएटनामचे युद्ध अद्याप चालूच होते. योगायोग असा की त्याच 1972 साली आपल्या मुंबईत नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि दलित पँथरची स्थापना झाली. मराठी कवितेनेही अन्यायाविरुद्ध बोलताना जुनी सोज्वळ भाषा टाकून दिली. चक्रमुद्रित अनियतकालिके काढणाऱ्या आपल्या तरुण कवींना, पदरमोड करून पुस्तक छापणे म्हणजे काय, हे पॅचेन यांच्याइतकेच ठाऊक होते.

मिरियम पॅचेन पतीच्या मागे अठ्ठावीस वर्षे जगल्या आणि 2000 साली पालो आल्टोमध्येच वारल्या. त्यांनी जपलेली हस्तलिखिते, रंगविलेली पुस्तके आणि चित्रकविता सांता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत. सांता क्लाराहून डोंगर ओलांडून मोटारीने तेथे तासाभरात जाता येते.