लंडन ते ऑस्ट्रेलिया : आज १७ तास, पण १९३० मध्ये एकट्या एमी जॉन्सनला लागले होते साडेएकोणीस दिवस!

आज लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला थेट विमान जातं. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर, वेळ साधारण १७ तास. जेवण, दोन सिनेमे, एक झोप, की पोहोचलात.

५ मे १९३० रोजी २६ वर्षांची एमी जॉन्सन लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला निघाली, तेव्हा तिच्याकडे होतं उघड्या कॉकपिटचं, एका इंजिनाचं जुनं जिप्सी मॉथ विमान. नाव ‘जेसन’. त्याआधीची तिची सर्वांत लांब मजल होती लंडन ते हल, म्हणजे माहेरापर्यंत!

हलच्या मासळी व्यापाऱ्याची ही मुलगी. अर्थशास्त्रात पदवी घेऊन लंडनमध्ये एका वकिलाकडे सेक्रेटरी झाली आणि फावल्या वेळात विमान चालवायला शिकली. पण तिचं खरं वेगळेपण म्हणजे तिने विमान दुरुस्तीचाही परवाना मिळवला. हा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश महिला. विमानासाठी वडिलांनी आणि तेल उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैसे दिले.

लंडन ते डार्विन हे सरळ हवाई अंतर साधारण १३,९०० किलोमीटर. एमीला मात्र जवळपास १८,००० किलोमीटर कापावे लागले. छोट्या विमानात इंधन मोजकंच, त्यामुळे जिथे ते मिळेल तिथे उतरत जायचं. ताशी १४० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरला तर हवेतला वेळ होतो साधारण १३० तास, म्हणजे साडेपाच दिवसही नाही. बाकीचे दिवस गेले जमिनीवर.

बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवलं. विमान उडून जाऊ नये म्हणून तिने सामान चाकांना लावलं. तरी सहा दिवसांत कराची! बर्ट हिंक्लरच्या साडेपंधरा दिवसांच्या विक्रमापेक्षा ती दोन दिवस पुढे होती. पुढे इंधन संपत आल्याने झाशीत थेट लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरावं लागलं. रंगूनजवळ पावसात मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेलं, प्रोपेलर मोडला, पंख फाटला. पहिल्या महायुद्धातल्या उरलेल्या विमानाच्या कापडाचे तिथे कुणी शर्ट शिवले होते, तेच उसवून पंखाला ठिगळं लावली. विक्रम तिथेच हुकला.

२४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उडालेली पहिली महिला.

दुसऱ्या महायुद्धात ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवण्याचं काम करत होती. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला जायचं होतं. जेमतेम तासाभराचा प्रवास. हवा खराब होती. कित्येक तासांनी तिचं विमान वाटेपासून खूप दूर, थेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात कोसळलं. तिला वाचवायला गोठणाऱ्या पाण्यात उडी मारलेले नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही जीव गेला. एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही.