च्यू चिन : पुरुषवेषांतील देशभक्त स्त्री

राज्यें डळमळूं लागलीं कीं स्त्रीपुरुषभेदाच्या जुन्या कल्पनाहि डळमळतात, हें ज्यांस पटत नसेल त्यांनीं चीनमधील च्यू चिन या बाईंचें चरित्र पहावें. अधिकाऱ्याच्या घरीं जन्म, रूढीप्रमाणें बांधलेले पाय, वडिलांनीं ठरविलेलें लग्न, दोन मुलें. येथवरची हकीगत कोणत्याहि कुलीन चिनी स्त्रीची असूं शकेल. पण १९०० सालीं परकी फौजा पेकिंगांत शिरल्या व राजदरबार पळाला. पुढें त्याच शहरीं संसार करीत असतां या मानहानीची धग बाईंना लागली. १९०४ सालीं दागिने विकून, घर मागें ठेवून त्या जपानांत शिकावयास गेल्या.

पाय त्यांनीं मोकळे केले, पुरुषाचा पोषाख चढविला. हा निव्वळ छंद होता असें आम्हांस वाटत नाहीं. बळ तें पुरुषाचें, दुबळेपणा तो बायकी, ही त्या पिढीची समजूत. ती मोडण्याआधीं बाईंनीं ती अंगावर घालून पाहिली. १९०७ च्या आरंभीं शांघायांत त्यांनीं स्त्रियांसाठीं नियतकालिक काढलें. अंक दोनच निघाले, पण त्यांत त्या स्त्री म्हणूनच स्त्रियांशीं बोलल्या.

मुलें सोडल्याबद्दल आमचे कांहीं वाचक त्यांस दोष देतील. देवोत, देशासाठीं घर सोडणाऱ्या पुरुषास मात्र आपण हार घालतों.

शाओशिंग येथील त्यांच्या शाळेंत उठावाची तयारी चाले. सहकारी शू शीलिन यानें प्रांताधिपतीचा वध केला आणि कट फुटला. बाई पळाल्या नाहींत. १५ जुलै १९०७ रोजीं त्यांचा शिरच्छेद झाला. मैत्रिणींनीं हांगचौच्या सरोवराकाठीं बांधलेलें थडगेंहि सरकारनें राहूं दिलें नाहीं.