पक्षिमित्र डॉ. सालिम अली

अंगणात येणाऱ्या चिमणीकडे तांदूळ निवडता निवडता आपण किती वेळ पाहतो? एका चिमणीने मात्र एका मुलाच्या सबंध आयुष्याची दिशा ठरविली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. खेतवाडीतील मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदाबेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी ही पोरकी मुले पोटच्या पोरांप्रमाणे वाढविली. मामांना शिकारीचा नाद होता. त्यांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने सालिमने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! विचारपूस करण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सेक्रेटरी मिलार्डसाहेबांनी ही रानचिमणी असे सांगितलेच, शिवाय जतन केलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह त्याला दाखविला. तेव्हापासून पोराला पक्ष्यांचे वेड लागले.

कॉलेज अर्धवट सुटले, काही वर्षे ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेली. १९१८ साली तेहमिनाबेगमशी विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी लागली. पुढे ते शिक्षणासाठी बर्लिनला गेले, परंतु १९३० साली परत येतात तो पैशांअभावी त्यांची जागाच बंद झालेली! नवऱ्याची नोकरी जाते तेव्हा घरात काय होते, हे तुम्हांआम्हांला सांगायला नको. ही दोघे अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिली आणि सालिम अली सुगरणीची घरटी न्याहाळीत बसले.

त्यांना जे दिसले ते वाचून मला फार गंमत वाटली. आपण सुगरण म्हणतो खरे, पण घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या येऊन ते पारखतात. एखादीला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो. ती अंडी उबवीत बसली की हे महाशय शेजारी दुसरे घरटे विणायला घेतात, दुसरीसाठी! बेकारीतल्या त्या दिवसांतील या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. पगार नाही, फक्त मुक्कामाचा खर्च घ्यायचा. तेहमिनाबाई तंबूत, रानात बरोबर राहिल्या. त्या इंग्लंडात शिकलेल्या होत्या, पतीचे लिखाणही त्यांच्यामुळे सुधारले. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सालिम अलींनी दुसरे लग्न केले नाही. ते बहिणीच्या घरी राहू लागले. दोनच वर्षांनी, १९४१ साली, भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. ते पाहण्यास तेहमिनाबाई हव्या होत्या, असे मनात आल्याखेरीज राहत नाही.

राजस्थानातील भरतपूरचे तळे ही राजेलोकांची शिकारीची जागा. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे सालिम अलींच्या वाढदिवशीच, व्हाइसरॉयच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हे तळे पक्ष्यांसाठी राखावे म्हणून सालिम अलींनी वर्षानुवर्षे खटपट केली. तेथे म्हशी चारू नयेत असेही त्यांचे मत होते. १९८२ साली चराई बंद झाली, दंगा झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मेले. नंतर त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासात दिसले की, म्हशी नसल्याने गवत माजून पाण्यातील पक्ष्यांची अडचण होत होती. ज्यांच्या दारची दुभती जनावरे अडविली, त्या बायकांना आधी कोणी विचारले असते तर? थोर माणसाच्या चरित्रात ही गोष्ट झाकून ठेवू नये, असे मला वाटते.

केरळातील सायलेंट व्हॅलीचे रान धरणात बुडू नये म्हणूनही ते झटले. तेथे कवयित्री सुगतकुमारी यांनी लोकांना जागे केले. १९८४ साली ते रान राष्ट्रीय उद्यान झाले.

१९७६ साली पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेल्या परदेशी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव दिलेले आहे.