डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एका वैद्यकीय पथकातील सोलापूरकर

प्रास्ताविक

परदेशी शल्यचिकित्सक स्वेच्छेने दूरच्या गरीब मुलखात येतो आणि तेथील रुग्णांची सेवा करतो, हे दृश्य महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे येथे आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले आणि जवळजवळ चाळीस वर्षे ते याच भूमीत राहिले. ख्रिस्ती श्रद्धा ही त्यांची प्रेरणा होती. मिरजेपासून फार दूर नसलेल्या सोलापुरातील एक तरुण डॉक्टर पुढे असाच परमुलखात गेला. त्याची प्रेरणा धार्मिक नव्हती आणि त्याचा स्वतःचा देशही तेव्हा पारतंत्र्यात होता. ही दोन्ही चरित्रे शेजारी ठेवून पाहिली, की एक प्रश्न तुमच्यासमोर उभा राहील. सेवेसाठी गेलेला माणूस तेथला पाहुणा केव्हा उरत नाही?

जडणघडण आणि प्रस्थान

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. जखमींची संख्या मोठी आणि डॉक्टर थोडे, अशा स्थितीत चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. लोकवर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि त्यांच्यासोबत सोलापूरचे कोटणीस होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले.

चीनमधील कार्य

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. कोटणीस चीनमध्ये असतानाच इकडे त्यांच्या वडिलांचे निधन झाले. घर आधार शोधत होते आणि परतण्याचा मार्ग खुला होता. तरीही कोटणीस थांबले. हा निर्णय त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. त्याची किंमत केवळ त्यांनी मोजली नाही, सोलापूरच्या घरानेही मोजली, हे वाचकाने विसरू नये.

उत्तर चीनच्या ज्या डोंगराळ युद्धभूमीवर ते गेले, तेथे त्यांच्याआधी डॉ. नॉर्मन बेथून कार्यरत होते. वानलेस यांच्याप्रमाणेच बेथूनही कॅनडाचे. ते प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे पुत्र; परंतु पुढे साम्यवादी झाले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. लढाई पेटली, की दिवसरात्र शस्त्रक्रिया चालत. औषधे व साधने यांची टंचाई तर नित्याचीच होती.

यापेक्षा कमी नाट्यमय, पण अधिक टिकाऊ असे त्यांचे दुसरे कार्य आहे. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत वैद्यकाचे विद्यार्थी घडवू लागले आणि शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहू लागले. के तिहुआ हे चिनी नाव त्यांनी धारण केले. परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. मात्र अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे शरीर खचत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले.

मूल्यमापन

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने कोटणीसांची कथा घरोघरी पोहोचवली. लोकप्रियतेने चरित्रनायकाला उंची मिळते, तशी त्याची रोजची मेहनत दृष्टीआडही जाते. बाहेरून आलेला शल्यचिकित्सक काही जीव वाचवतो. परंतु तो निघून गेल्यावर शस्त्र कोणाच्या हाती राहणार, हा खरा प्रश्न असतो. वानलेस यांनीही मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची सोय केली होती. श्रद्धा भिन्न असूनही दोघांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर सारखे आहे : स्थानिकांना शिकवणे. कोटणीसांचे पाहुणेपण संपले ते याच टप्प्यावर, असे म्हणता येईल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कोटणीसांच्या न परतण्याच्या निर्णयाकडे त्यांच्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहून दहा ओळी लिहा.
२. चरित्रनायकाचा गौरव आणि त्याचे वास्तव चित्रण यांतील फरक या पाठाच्या आधारे स्पष्ट करा.