लहान चणीचा जलद गोलंदाज : रमाकांत देसाई

जलद गोलंदाज म्हटला कीं उंचापुरा, रुंद खांद्यांचा पुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो. विद्यार्थिमित्रहो, ज्यांची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्यांची उंची साडेपांच फुटांसहि पोंचत नव्हती. सोबती त्यांना ‘टायनी’, म्हणजे चिमुकला, असें म्हणत.

रमाकांत भिकाजी देसाई यांचा जन्म मुंबईस ता. २० जून १९३९ रोजीं झाला. इ. स. १९५८-५९ सालीं रणजी करंडकाच्या आपल्या पहिल्याच हंगामांत त्यांनीं मुंबईसाठीं ५० बळी घेतले. त्याच सुमारास वेस्ट इंडीजचा बलाढ्य संघ भारतांत आला होता. फेब्रुवारी १९५९ मध्यें दिल्लीच्या कसोटी सामन्यांत या एकोणीस वर्षांच्या तरुणास प्रथमच देशाकडून खेळावयास मिळालें. पाहुण्यांनीं ८ बाद ६४४ धावा केल्या. देसाई यांनीं ४९ षटकें टाकून १६९ धावांत चार गडी बाद केले. ४९ षटकें म्हणजे जवळजवळ तीनशें चेंडू, आणि प्रत्येक चेंडूस पुन्हा दुरून धांवत येणें! हें वाचून कौतुक वाटतें खरें. परंतु इतक्या कोवळ्या, सडपातळ मुलाकडून एवढें काम करून घेणें योग्य होतें काय, असाहि प्रश्न मनांत येतो.

याचें कारण असें कीं, त्या काळीं आपल्या संघाची सारी मदार फिरकी गोलंदाजांवर असे. खेळपट्ट्या मंद, नव्या चेंडूची लकाकी जाईपर्यंत कोणीं तरी चार षटकें टाकावीं व मग चेंडू फिरकीवाल्यांच्या हातीं द्यावा, अशी रीत होती. त्यामुळें खऱ्या वेगाचा भार बहुधा या एकट्याच्याच खांद्यावर पडे.

तरीहि १९५९ मध्यें लॉर्ड्स येथें त्यांनीं ८९ धावांत पांच बळी घेतले. १९६०-६१ मध्यें पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेंत त्यांना २१ बळी मिळाले. त्याच मालिकेंत मुंबईस दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनीं ८५ धावा काढल्या व नाना जोशी यांच्यासह नवव्या गड्यासाठीं १४९ धावांची भर घातली. १९६५ मध्यें मुंबईसच न्यूझीलंडविरुद्ध ५६ धावांत सहा बळी, ही त्यांची कसोटींतील सर्वोत्तम कामगिरी होय.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती फेब्रुवारी १९६८ मध्यें, न्यूझीलंडांतील डनेडिन येथें, आणि तीहि चेंडूनें नव्हे, बॅटीनें. यजमानांच्या ३५० धावा झाल्या होत्या. भारताचे नऊ गडी ३०२ धावांत बाद झाले होते. एका उसळत्या चेंडूनें देसाई यांचा जबडा मोडला. त्यांनीं मैदान सोडलें नाहीं. तशा वेदनांत ते बिशनसिंग बेदी यांच्या जोडीनें खेळत राहिले, ५७ धावांची भर पडली, आणि भारतास नऊ धावांची आघाडी मिळाली. देसाई ३२ धावांवर नाबाद राहिले. तो सामना भारतानें पांच गडी राखून जिंकला. परदेशांत भारतास मिळालेला तो पहिलाच कसोटी विजय.

देसाई यांचा तोच शेवटचा कसोटी सामना ठरला. वय अवघें अठ्ठावीस. सामने २८, बळी ७४. मुंबईकडून ते पुढेंहि कांहीं काळ खेळले, आणि त्यांच्या साऱ्या कारकीर्दींत मुंबईचा संघ रणजी सामन्यांत एकदांहि हरला नाहीं. पुढें ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षहि झाले. ता. २७ एप्रिल १९९८ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.