अनामिक ‘मुख्य रचनाकार’

४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला मानवनिर्मित उपग्रह आकाशात गेला आणि ‘स्पुत्निक’ हा शब्द साऱ्या जगाच्या तोंडी झाला. तो ज्यांच्या हाताखाली घडला, त्यांचे नाव मात्र पुढे आठ वर्षांहून अधिक काळ जाहीर झाले नाही. रशियन वृत्तपत्रे केवळ ‘मुख्य रचनाकार’ म्हणत. ते सर्गेई कोरोलेव्ह. मी कलाशाखेचा विद्यार्थी. रॉकेटचे गणित मला काय कळणार? पण हा माणूस समजून घ्यावासा वाटला.

त्यांचा जन्म १९०७ सालचा, युक्रेनमधील झितोमिरचा. बालपण आजोळी गेले. ओडेसात ग्लायडरचे वेड लागले. पुढे मॉस्कोत विख्यात विमानतज्ज्ञ तुपोलेव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षण पुरे झाले आणि लवकरच ते रॉकेटकडे वळले.

जून १९३८ मध्ये त्यांना अटक झाली. स्टालिनच्या दडपशाहीचा तो काळ. घातपाताचा खोटा आरोप, चौकशीत मारहाण आणि १० वर्षांची शिक्षा! घरी तीन वर्षांची मुलगी. कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत थंडी आणि उपासमार यांनी शरीर पोखरले, दात गळाले. आईने अर्जांमागून अर्ज केले. ग्रोमोव्ह आणि ग्रिझोदुबोवा या नामांकित वैमानिकांनी शब्द टाकला. शिक्षा ८ वर्षांवर आली व त्यांना कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात धाडण्यात आले. तेथे त्यांचे वरिष्ठ कोण, तर तुपोलेव्ह, तेही कैदीच! १९४४ मध्ये सुटका झाली, पण आरोपाचा कलंक पुसला गेला तो १९५७ साली.

ज्या सत्तेने हे भोगायला लावले, तिच्याचसाठी ते पुन्हा राबले. याला देशभक्ती म्हणावे की ध्यास? मला ध्यासच अधिक वाटतो. अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेल्या आर-७ क्षेपणास्त्रावर त्यांनी ८३.६ किलोचा स्पुत्निक चढविला. १९५९ मध्ये ल्युना-३ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रे घेतली. फिल्म यानातच धुतली गेली आणि चित्रे रेडिओने पृथ्वीवर आली. १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. त्यांच्या यानासारख्याच गोलाकार कुपीत माणसाऐवजी कॅमेरे बसवून ‘झेनित’ हे हेर-उपग्रह तयार झाले व १९६२ पासून कक्षेतून परमुलुखांची छायाचित्रे घेऊ लागले. त्या कुपीत मानवाचे स्वप्नही बसले आणि हेरगिरीही. आपण कौतुक करतो ते बहुधा पहिल्याचेच.

या काळात कोरोलेव्ह ‘प्रावदा’त लेख लिहीत, पण सही असे प्रा. के. सेर्गेयेव्ह अशी. विजयाच्या सोहळ्यांत फुले गागारिनवर पडत.

१४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे निधन झाले. वय ५९. दोन दिवसांनी ‘प्रावदा’ने मृत्युलेख छापला, त्यात छायाचित्र होते आणि खरे नावही. रक्षा क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आली.